परका कोण, हे कोणी ठरविले?
चौदाव्या व पंधराव्या शतकांतील इंग्लंडमधील स्थलांतरित श्रमिक

१४ जून १३८१, शुक्रवार. लंडन शहर बंडखोर शेतकऱ्यांच्या हाती होते. शहराच्या पूर्वेस माइल एंडच्या मैदानावर चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड त्यांच्यासमोर उभा होता. भूदासपद्धती नष्ट करावी, जमिनीचा खंड एकरी ४ पेन्सांहून अधिक नसावा, कोणासही आपल्या मर्जीविरुद्ध दुसऱ्याची चाकरी करावी लागू नये, या त्यांच्या मागण्या त्याला मान्य कराव्या लागल्या. युरोपच्या मध्ययुगीन इतिहासात सामान्य कष्टकऱ्याने राजसत्तेला इतके नमविल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. त्याच दिवशी, टेम्स नदीच्या काठी व्हिन्ट्री भागातील सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या सुमारे ३५ फ्लेमिश माणसांना जमावाने बाहेर खेचले आणि भर रस्त्यात त्यांची मुंडकी उडविली. मुंडके नसलेली चाळीसेक प्रेते एका ढिगात पडली होती, असे शहराच्या दप्तरात नमूद आहे.

या दोन घटना एकाच उठावातील, एकाच दिवसातील आहेत. तरीही इतिहास सांगणारे त्यांची वाटणी करून घेतात. जनतेच्या लढ्यांचा अभिमान बाळगणारे माइल एंडची कथा सांगतात आणि व्हिन्ट्रीच्या रस्त्यावरून घाईने पुढे जातात. जनतेच्या लढ्यांची भीती वाटणारे व्हिन्ट्रीच्या प्रेतांकडे बोट दाखवितात आणि माइल एंड विसरतात. लंडनमधील गुंडपुंडांनी ते कृत्य केले, खऱ्या शेतकऱ्यांचा त्यात हात नव्हता, असे सांगून हात झटकण्याचाही एक मार्ग आहे. परंतु नॉरफोक परगण्यातही त्याच दिवसांत फ्लेमिश माणसे मारली गेली, ही वस्तुस्थिती त्या मार्गात आडवी येते. तेव्हा विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. ज्यांनी भूदासत्वाविरुद्ध शस्त्र उचलले, त्यांना हातमागावर राबणारा परदेशी विणकर आपला शत्रू का वाटला? त्याला शत्रूच्या जागी कोणी आणून उभे केले?

राजाचे आमंत्रण

तेराव्या शतकात इंग्लंड हा प्रामुख्याने कच्ची लोकर विकणारा देश होता. ही लोकर समुद्रापलीकडे फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या उत्तर बेल्जियमच्या भागात जाई आणि घेंट, ब्रुज, ईप्र या शहरांत तिचे उंची कापड बने. नफ्याचा मोठा वाटा तिकडेच राही. तिसऱ्या एडवर्डच्या राजवटीने हे चित्र पालटावयाचे ठरविले. १३३१ मध्ये जॉन केम्प या फ्लेमिश विणकरास नोकर व शिकाऊ उमेदवारांसह इंग्लंडमध्ये राहून धंदा करण्याचे व तो इतरांस शिकविण्याचे संरक्षणपत्र देण्यात आले. १३३७ मध्ये परदेशी कापडाच्या आयातीवर व लोकरीच्या निर्यातीवर बंदी घालणारा कायदा झाला, आणि जे परदेशी कापड-कारागीर येतील त्यांना संरक्षणाचे अभिवचन मिळाले. फ्रान्सबरोबर युद्ध सुरू होण्याचा तो काळ होता. लोकर हे राजाच्या हातातील शस्त्रही होते आणि तिजोरीही.

जे आले ते सर्व केवळ अधिक कमाईच्या आशेने आले नव्हते. फ्लँडर्सच्या शहरांत १३४० च्या दशकात विणकरांनी सत्ता हाती घेतली होती. १३४९ च्या आरंभी घेंटमध्ये त्यांचा पाडाव झाला आणि विजयी सरदार व त्याच्या मित्रपक्षांनी हद्दपारीच्या याद्या काढल्या. १३५१ मध्ये एडवर्डने या हद्दपार फ्लेमिशांना आपल्या राज्यात वसण्याची मुभा दिली. लंडन, कोल्चेस्टर अशा गावांत त्यांची वस्ती झाली. म्हणजे लंडनच्या फ्लेमिश वस्तीत पराभूत बंडखोर आणि त्यांची मुलेबाळे होती. एका देशातील हरलेल्या उठावाचे निर्वासित तीस वर्षांनी दुसऱ्या देशातील उठावाचे बळी व्हावेत, याहून दारुण विसंगती कोणती?

धोरण म्हणून पाहता राजाचे गणित चुकले नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडची कापडाची निर्यात लोकरीच्या निर्यातीस मागे टाकून गेली. हे यश केवळ परदेशी कारागिरांचे नव्हते. इंग्रज कातणारीण, इंग्रज विणकर, रंगारी आणि धुवण करणारा या सर्वांचे श्रम त्यात होते. परंतु ज्यांनी कसब आणले त्यांचा वाटा नाकारता येत नाही.

कायद्याने बांधलेला देशी मजूर

परदेशी विणकरास आमंत्रण देणाऱ्या या राज्याने आपल्या देशी मजुरास काय दिले, हे त्याच वर्षांत पाहावयास मिळते. १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या नष्ट झाली. शेते ओस पडली, हात कमी झाले, आणि जे जगले त्यांनी अधिक मजुरी मागितली. त्यावर १३४९ मध्ये राजाने वटहुकूम काढला व १३५१ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. मजुरी महामारीपूर्वीच्या पातळीवर गोठविण्यात आली, साठ वर्षांखालील धडधाकट माणसाने देऊ केलेले काम नाकारणे हा गुन्हा ठरला, आणि मुदतीपूर्वी धन्याची चाकरी सोडणाऱ्यास तुरुंग दाखविण्यात आला. पुढे १३८८ च्या केंब्रिज येथील कायद्याने तर राजमुद्रेच्या पत्राखेरीज आपला टापू सोडणाऱ्या नोकरास पायखोड्यात अडकविण्याची तरतूद केली.

येथे स्थलांतर हा शब्द नव्या अर्थाने समोर येतो. केंट परगण्यातला शेतमजूर चार आणे अधिक मिळतात म्हणून शेजारच्या टापूत गेला, तर तो आपल्याच देशात पळपुटा ठरे. लंडनच्या नागरी भाषेत तर 'फॉरिन' म्हणजे परका हा शब्द परदेशातील माणसासाठी नव्हताच. शहराच्या नागरिकत्वाचा हक्क ज्याच्यापाशी नाही अशा, बहुधा बाहेरगावच्या, इंग्रज माणसाला तो शब्द लावीत. राज्याबाहेरून आलेल्यास 'एलियन' किंवा 'स्ट्रेंजर' म्हणत. शहराच्या वेशीवर खेड्यातला इंग्रज आणि फ्लँडर्सचा विणकर हे दोघेही उपरेच होते. एकाला पत्र नाही म्हणून हाकलीत, दुसऱ्याला पत्र आहे म्हणून त्याच्याविरुद्ध चिथावीत. दोन्ही पत्रांवर मुद्रा मात्र एकच होती.

चर्चच्या आवारातील मजूरबाजार

लंडनच्या देशी विणकरांचे गिल्ड बाराव्या शतकापासून राजाची सनद बाळगून होते. त्या सनदेच्या बदल्यात ते राजाला दरसाल ठरावीक रक्कम भरीत. शहरात विणकाम कोणी करावे, किती करावे, कसे करावे, हे ठरविण्याचा हक्क त्यामुळे आपला आहे असे ते मानीत. १३५२ मध्ये राजाने परदेशी विणकरांस या गिल्डच्या बंधनातून मोकळे केले. ते कर्ज काढून वा गिल्डचे शुल्क भरून नव्हे, तर राजाच्या मर्जीवर धंदा करू लागले. सालाची रक्कम मात्र देशी विणकरांच्याच माथी राहिली. त्यांनी वारंवार अर्ज केले. परदेशीयांना आमच्या गिल्डात आणा, किंवा निदान आमच्या बोजाचा वाटा त्यांच्यावर टाका, ही त्यांची मागणी होती.

ही तक्रार खोटी नव्हती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. स्थलांतरित श्रमिकाच्या बाजूने लिहिणारे पुष्कळदा देशी श्रमिकाच्या तक्रारीस केवळ अज्ञान वा द्वेष म्हणून मोडीत काढतात. तसे केल्याने काही साधत नाही. राजाने एकाकडून पैसे घेतले आणि दुसऱ्याला मोकळीक दिली. त्यामुळे ज्याच्याकडून पैसे घेतले गेले त्याच्या मनात कढ येणे स्वाभाविकच होते. प्रश्न एवढाच की तो कढ कोणावर निघाला. सनदेचा पैसा खाणारा राजा दूर होता व शस्त्रधारी होता. फ्लेमिश विणकर शेजारच्या गल्लीत होता व निःशस्त्र होता.

परदेशी विणकरही एकजिनसी नव्हते. फ्लँडर्सचे आणि शेजारच्या ब्राबांटचे विणकर एकमेकांशी इतके भांडत की १३७० मध्ये शहराच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या मजुरांना कामासाठी उभे राहण्याच्या जागा वेगळ्या करून दिल्या. फ्लेमिशांनी सेंट लॉरेन्स पाउंटनीच्या चर्चच्या आवारात उभे राहावे, ब्राबांटवाल्यांनी सेंट मेरी सॉमरसेटच्या आवारात. आपल्याकडे मजूर नाक्यावर पहाटे माणसे उभी राहतात तसेच हे उभे राहणे होते. या एका नोंदीने लंडनच्या परदेशी विणकरांविषयीचा मोठा गैरसमज दूर होतो. ते सगळे राजाच्या कृपेने गबर झालेले कारखानदार नव्हते. त्यांच्यातही माग असलेला मालक होता, आणि दिवसाच्या मजुरीसाठी थडग्यांमध्ये उभा राहणारा गडी होता.

१३८१ मध्ये युद्धखर्चासाठी पंधरा वर्षांवरील प्रत्येक माणसामागे १२ पेन्सांची डोईपट्टी वसूल होऊ लागली, आणि तीस वर्षे दाबलेला संताप फुटला. वॅट टायलर व जॉन बॉल यांच्या नेतृत्वाखालील उठावाने भूदासपद्धतीच्या मुळावर घाव घातला. शहरात शिरल्यावर त्याच गर्दीत जुने स्थानिक हिशेब चुकते करणारेही मिसळले. व्हिन्ट्रीची हत्या झाली ती अशा वेळी. दुसऱ्याच दिवशी, १५ जूनला, स्मिथफील्ड येथे टायलर मारला गेला. २ जुलैला राजाने दिलेल्या सनदा रद्द केल्या. जॉन बॉल फासावर गेला. मजुरी गोठविणारा कायदा कायम राहिला. फ्लेमिशांच्या रक्ताने इंग्रज विणकराच्या मजुरीत एका पेन्सचीही भर पडली नाही.

त्या काळचा श्रेष्ठ कवी चॉसर लंडनमध्ये लोकरीच्या जकातीवर अधिकारी होता आणि ज्या ऑल्डगेट वेशीतून एसेक्सचे बंडखोर आत आले, त्याच वेशीवरील घरात राहत होता. कोंबडा व कोल्हा यांच्या कथेत त्याने या हत्येचा उल्लेख केला आहे, पण तो कोल्ह्याच्या पाठलागातील गोंगाटाला दिलेली विनोदी उपमा म्हणून. मेलेल्या परक्याचे दुःख किती लवकर गमतीचा विषय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणार नाही.

सहा पेन्सांची नोंद

परदेशी माणूस कोण, हे राज्याने कागदावर मोजले ते १४४० मध्ये. पार्लमेंटने त्या वर्षी परदेशात जन्मलेल्या रहिवाशांवर खास कर बसविला. स्वतंत्र घर असलेल्यास वर्षाला १६ पेन्स, नसलेल्यास ६ पेन्स. बारा वर्षांखालील मुले, मठवासी, इंग्रजांशी विवाह केलेल्या परदेशी स्त्रिया व वेल्समध्ये जन्मलेले यांना सूट होती. आयर्लंडचे लोक प्रथम या करात गणले गेले आणि दोनेक वर्षांत वगळले गेले. म्हणजे एकच आयरिश मजूर एका साली परका होता, दुसऱ्या साली नव्हता. मध्यंतरी तो बदलला नव्हता, सरकारी व्याख्या बदलली होती.

सहा पेन्स ही रक्कम साध्या मजुराच्या दीड-दोन दिवसांच्या कमाईएवढी होती. तिच्यापेक्षा तिची नोंद अधिक महत्त्वाची ठरली. या याद्या व इतर दस्तऐवज एकत्र करून यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पूर्ण केलेल्या कामात १३३० ते १५५० या काळातील ६४ हजारांहून अधिक परदेशीयांची नावे गोळा झाली. पंधराव्या शतकाच्या मध्यास हे लोक एकंदर लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का होते, लंडनमध्ये त्याहून पुष्कळ अधिक. परंतु खरे आश्चर्य लंडनमधले नाही. देशाच्या प्रत्येक भागात, आडवळणाच्या खेड्यांतही ही माणसे आढळतात. उत्तरेत स्कॉट शेतमजूर, पश्चिमेस आयरिश, दक्षिणेच्या किनारपट्टीवर फ्रेंच, ब्रिस्टलमध्ये आइसलँडहून आणलेले नोकर, लंडनमध्ये राइन नदीच्या खालच्या खोऱ्यातून आलेले चांभार, शिंपी, सोनार, बिअर गाळणारे. त्यांतील फार मोठा भाग नोकर व मजूर यांचा आहे. कित्येकांची नावेसुद्धा कारकुनाने लिहून घेण्याची तसदी घेतलेली नाही. फ्रेंचमन, स्कॉट, डचमन हीच त्यांची आडनावे झाली आहेत, आणि काहींपुढे केवळ अमक्याचा नोकर एवढेच आहे.

दंगलीची कथा शहरांतून येते, म्हणून परका म्हटला की दंगल आठवते. परंतु या याद्यांतील हजारो माणसे शंभर-दीडशे वर्षे इंग्रज शेजाऱ्यांच्या गोठ्यात, शेतात, स्वयंपाकघरात राबत होती आणि त्यांच्याविषयी कोणतीही हाणामारी नोंदली गेलेली नाही. पहिल्या वसुलीनंतर कर भरणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. परका कोण, हे गावच्या पंचांनी सांगावयाचे होते. शेजारच्या गड्याचे नाव सांगण्यात त्यांना फारसा उत्साह नव्हता, असा त्याचा एक अर्थ निघतो. जेथे चिथावणारे हितसंबंध नव्हते तेथे शेजार टिकला.

परका धनिक आणि परका मजूर

शासनाची ही व्याख्या सर्व परक्यांना सारखी लागू नव्हती. उत्तर जर्मन शहरांच्या हान्सा संघाचे व्यापारी लंडनमध्ये स्टीलयार्ड या आपल्या आवारात राहत. तेथे त्यांची स्वतःची शिस्त व स्वतःचे अधिकार चालत. कापडाच्या निर्यातीवर इंग्रज व्यापाऱ्यास नगामागे १४ पेन्स जकात पडे, इतर परदेशी व्यापाऱ्यास ३३ पेन्स, आणि हान्साच्या व्यापाऱ्यास केवळ १२ पेन्स. देशी व्यापाऱ्याहूनही कमी! राजाने त्यांच्याशी युद्ध करून पाहिले, तरी १४७४ च्या उत्रेख्तच्या तहाने त्यांच्या सवलती परत द्याव्या लागल्या आणि स्टीलयार्डची मालकीही त्यांना मिळाली. जहाजे, पैसा आणि तह पाठीशी असलेल्या परक्यासाठी वेस उघडी होती.

कसबी परक्यासाठी ती गरजेपुरती उघडी राहत असे. १४३६ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने इंग्रजांच्या कॅले बंदरास वेढा घातला आणि लंडनमध्ये फ्लेमिशांविरुद्ध लोकक्षोभ उसळला. तेव्हा त्या प्रदेशांतील १८०० हून अधिक माणसांनी राजनिष्ठेची शपथ घेऊन आपला बचाव केला. बिअर गाळणाऱ्यांना त्रास देऊ नये, असे राजाला फर्मावावे लागले, कारण हॉप्स घातलेली ही नवी बिअर लंडन पिऊ लागले होते. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डच्या पार्लमेंटने परदेशी कारागिरांवर निर्बंध घातले, पण मुद्रक व ग्रंथविक्रेते यांना वगळले. छापण्याची नवी कला देशात रुजावयाची होती. ती रुजल्यावर, १५३४ मध्ये, ही सवलत काढून घेण्यात आली. उपयोग असेतो पाहुणा, उपयोग संपताच उपरा, हे सूत्र त्या काळी कोणी लपवीतही नव्हते.

फास कोणाच्या गळ्यात?

या कथेचा शेवटचा अंक १५१७ चा आहे. त्या वर्षी ईस्टरच्या सप्ताहात लंडनमधील एका जाहीर प्रवचनात परदेशीयांनी इंग्रजांचा घास हिरावला असल्याचे सांगण्यात आले. धर्मोपदेशकास हे बोलण्यास प्रवृत्त करणारा जॉन लिंकन नावाचा एक दलाल होता. ३० एप्रिलच्या रात्री शिकाऊ उमेदवार व तरुण कारागीर रस्त्यावर आले. परदेशीयांची घरे व दुकाने फोडण्यात आली. मालमत्तेची नासधूस झाली, परंतु एकही परदेशी माणूस मारला गेला नाही.

मृत्यू नंतर आला, आणि तो इंग्रज तरुणांस आला. ज्या राजांशी आपले सख्य आहे त्यांच्या प्रजेवर हात टाकला, म्हणजे राजाचा तह मोडला, अशा आधारावर दंगलखोरांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. लिंकनसह अनेकांना देहांत शिक्षा झाली. उरलेल्या सुमारे ४०० कैद्यांना गळ्यात फास अडकवून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आठव्या हेन्रीपुढे उभे करण्यात आले, आणि तेथे राजाने मोठ्या समारंभाने त्यांना क्षमा केली. शिकाऊ उमेदवाराला ना काम मिळाले, ना मजुरी वाढली. परदेशी कारागिराला ना सुरक्षितता मिळाली, ना बरोबरीचा हक्क. दयाळू म्हणून कीर्ती मात्र राजाला मिळाली.

१३३१ पासून १५१७ पर्यंतच्या या घटना एका ओळीत ठेवल्या म्हणजे त्यांतील धागा दिसू लागतो. राजाने कसबी माणसे आणली, त्यांना बरोबरीचे हक्क न देता खास मर्जी दिली. मर्जी ही काढून घेता येते, हक्क काढून घेता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. देशी श्रमिकाची मजुरी त्याने कायद्याने गोठविली आणि त्याचा संताप शेजाऱ्याकडे वळू दिला. शेजारी मारला गेला तेव्हा त्याने दोघांवरही आपली सत्ता अधिक दृढ केली. देशी विणकरांच्या अर्जांत एक शहाणपणाची मागणी होती, ती ही की परदेशीयांना आमच्या गिल्डात आणा. तिच्यामागे बोजा वाटून घेण्याचा हिशेब असला, तरी ती मान्य झाली असती तर दोघे एका संघटनेत, एका नियमाखाली उभे राहिले असते. ती मागणी फेटाळली गेली, आणि उरला तो सूड.

म्हणून १३८१ चा वारसा सांगावयाचा तर तो संपूर्ण सांगितला पाहिजे. माइल एंडच्या मैदानावर कष्टकऱ्याने काय मागितले, हे जसे विसरता कामा नये, तसेच त्याच दिवशी व्हिन्ट्रीच्या रस्त्यावर त्याने काय गमावले, तेही विसरता कामा नये. भूदासत्वातून सुटका मागणाऱ्यांनी चर्चमधून ओढून काढलेली ती माणसे स्वतःच्या देशात सरदारांकडून हरलेल्या विणकरांच्या वस्तीतील होती. त्यांची भाषा निराळी होती. त्यांचे भांडण तेच होते.